नवरा रोज मारत नाही, तरी याला कौटुंबिक हिंसाचार म्हणायचे का?

आपला प्रश्न इतर वाचकांनाही नीट कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला सहा वर्षे झाली असून ती नवरा, सासू-सासरे आणि चार वर्षांच्या मुलीसह पिंपरी-चिंचवडमध्ये राहते व एका खासगी शाळेत शिकवते. नवऱ्याला चांगल्या पगाराची नोकरी आहे, तो दारू पीत नाही, आणि सहा वर्षांत त्याने "दोन-तीनदाच" हात उचलला आहे. मात्र तिचे एटीएम कार्ड त्याच्याकडे असते, तिचा फोन तो रोज पाहतो, आणि गेल्या दोन भाऊबिजांना ती माहेरी आलेली नाही. विचारले तर ती म्हणते, "सगळ्यांच्या घरी असंच असतं, तू मध्ये पडू नकोस." यावर आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. याला कौटुंबिक हिंसाचार म्हणता येईल का, आणि "दर तीन-चार बायकांमागे एकीला हे भोगावे लागते" असे आकडे वाचायला मिळतात ते खरे मानायचे की फुगवलेले?

मी बरीच वर्षे पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला साहाय्य कक्षात समुपदेशक म्हणून काम करते आहे. आपण लिहिलेल्या माहितीवरून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर "होय" असे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की आकडे फुगवलेले नाहीत. उलट ते कमी पडतात, आणि ते का कमी पडतात हे समजले की आपल्या बहिणीशी कसे बोलावे हेही बऱ्याच अंशी समजते. आपण न विचारलेला तिसरा प्रश्न हाच आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही तोच आहे. म्हणून तिन्हींचे उत्तर एकत्रच देते. एक मर्यादा मात्र आधीच सांगायला हवी. मी आपल्या बहिणीशी बोललेले नाही. तिला स्वतःला काय हवे आहे, घर कोणाच्या नावावर आहे, तिच्या जिवाला तातडीचा धोका आहे का, यांवर पुढचे पुष्कळसे अवलंबून आहे.

कक्षात येणाऱ्या स्त्रीला मी "किती वेळा मारले?" हा प्रश्न सुरुवातीला विचारत नाही. तिला एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगायला सांगते. ती बोलू लागली की हळूहळू दिसू लागते की तिने काय काय करणे सोडून दिले आहे. शाळेतून घरी यायला दहा मिनिटे उशीर झाला तर उत्तर द्यावे लागते म्हणून ती सहकाऱ्यांशी उभ्या उभ्याही बोलत नाही. फोन वाजला की आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते. आईला फोन करायचा तो सासूसमोर, स्पीकर लावून. स्वतःच्या पगारातून मुलीला चप्पल घ्यायची तरी दोन दिवस आधी विषय काढावा लागतो, तोही त्याची मनःस्थिती पाहून. यातली एकेक गोष्ट वेगळी काढली तर क्षुल्लक वाटते आणि पोलिसांना सांगावी अशी तर मुळीच वाटत नाही. पण सगळे मिळून पाहिले तर एका प्रौढ, कमावत्या स्त्रीचे आयुष्य दुसऱ्याच्या परवानगीवर चालले आहे, आणि परवानगी मोडली तर काय होईल हे तिला पक्के ठाऊक आहे, असे चित्र उभे राहते.

"दोन-तीनदाच" या शब्दाकडे मला म्हणूनच आपले लक्ष वेधायचे आहे. ज्या घरात भीती एकदा बसली आहे तिथे पुन्हा पुन्हा मारण्याची गरज राहत नाही. आवाज चढवणे, भांडे आपटणे किंवा नुसते रोखून पाहणे पुरते. मारहाणीच्या प्रसंगांची संख्या कमी असणे हे काही वेळा नवरा निवळल्याचे लक्षण असते, तर अनेकदा ते बायको पूर्ण दबल्याचे लक्षण असते. यांतले खरे कोणते हे संख्येवरून कळत नाही. पहिल्या प्रसंगानंतर तिचे वागणे, बोलणे, जाणे-येणे किती आक्रसले यावरून ते कळते. सलग दोन भाऊबिजांना न येणे ही त्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

घरातले प्रत्येक भांडण हिंसाचार नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पैशांवरून, सासू-सासऱ्यांवरून, मुलांच्या अभ्यासावरून वाद न होणारा संसार माझ्या पाहण्यात नाही. मी फरक करते तो असा. वादात दोघेही आवाज चढवू शकतात का, नंतर दोघेही माघार घेतात का, आणि तिला "मला हे पटत नाही" असे म्हणताना पोटात गोळा येतो का? जिथे दरवेळी एकच माणूस माफी मागतो आणि प्रत्येक वादानंतर त्याच माणसाच्या वाट्याची मोकळीक थोडी थोडी कमी होत जाते, तिथे त्याला भांडण म्हणणे योग्य नाही.

कायद्यानेही हिंसाचाराची व्याख्या मारहाणीपुरती ठेवलेली नाही. "महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण अधिनियम" २००५ मध्ये मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून देशात लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार सांगितले आहेत. मूल होत नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, तिच्या जिवलग माणसाला इजा करण्याच्या धमक्या देत राहणे, स्त्रीधन काढून घेणे, तिच्या हक्काच्या पैशांपासून तिला वंचित ठेवणे, हे सगळे त्यात येते. कमावत्या बायकोचे कार्ड स्वतःजवळ ठेवून तिला तिच्याच पगारातून मोजून पैसे देणे हा त्यातला आर्थिक छळ आहे. लैंगिक छळाचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे, कारण नवऱ्याने सज्ञान पत्नीवर केलेली जबरदस्ती भारतीय न्याय संहितेत आजही बलात्कार मानली जात नाही. या २००५ च्या कायद्याखाली मात्र अशा जबरदस्तीविरुद्ध पत्नीला दाद मागता येते. शिवाय हा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या संबंधात राहणारी स्त्री, या सर्वजणी त्याचा आधार घेऊ शकतात. छळ करणारी व्यक्ती पुरुषच असली पाहिजे असेही राहिलेले नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "प्रौढ पुरुष" हे शब्द कायद्यातून वगळल्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो.

आता आकड्यांकडे वळते. भारतात याविषयीचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी अनुभवली आहे, आणि त्यात भावनिक छळ धरला तर हे प्रमाण ३२ टक्क्यांवर जाते. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २५ टक्के आहे. आपण वाचलेले "दर तीन-चार बायकांमागे एक" हे इथूनच आलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगभरातही १५ ते ४९ वयाच्या, कधीतरी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून अशी हिंसा सोसली आहे. म्हणजे हे एका जातीचे, एका धर्माचे किंवा एका देशाचे दुखणे नाही.

हे आकडे कसे मिळवले जातात ते आकड्यांइतकेच पाहण्यासारखे आहे. सर्वेक्षणात एका घरातून एकाच स्त्रीला या विषयावर प्रश्न विचारतात, म्हणजे काय विचारले हे घरातल्या दुसऱ्या कोणाला कळू नये. मुलाखत पूर्ण एकांतात घेतात. कोणी आले तर विषय बदलतात, आणि एकांत मिळालाच नाही तर हा भाग सोडून देतात. "तुमच्यावर अत्याचार होतो का?" असे विचारत नाहीत. नवऱ्याने कधी ढकलले का, चापट मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबण्याचा किंवा भाजण्याचा प्रयत्न केला का, असे एकेक कृत्य नाव घेऊन विचारतात. कारण स्वतःला "अत्याचारित" म्हणवून घ्यायला बहुतेक स्त्रिया तयार नसतात, पण चापट बसली होती का या प्रश्नाचे उत्तर त्या देऊ शकतात. माझाही अनुभव तंतोतंत हाच आहे. "घरी त्रास आहे का?" याला "नाही हो, तसं काही नाही" म्हणणारी बाई पाच मिनिटांनी, "कधी हात धरून घराबाहेर काढलं का?" या प्रश्नावर गप्प होते आणि मग बोलू लागते.

त्यामुळे विचारण्याची पद्धत, विचारणारी बाई आणि मिळालेला एकांत यांवर आकडा हलतो. आपल्या शेजारच्या कर्नाटकात आधीच्या फेरीत सुमारे २१ टक्के असलेले प्रमाण पाचव्या फेरीत ४४ टक्क्यांवर गेले. चार-पाच वर्षांत तिथले नवरे दुप्पट हिंसक झाले असे मला वाटत नाही. बोलण्याची तयारी आणि विचारण्याची रीत यांचा त्यात वाटा असावा, असे माझे मत आहे. महाराष्ट्रातही हे प्रमाण सुमारे २१ वरून २५ टक्क्यांवर आले. अनेक जण ही वाढ टाळेबंदीच्या माथी मारतात, पण महाराष्ट्रातल्या मुलाखती २०१९ मध्येच, कोविड येण्यापूर्वी, झाल्या होत्या. म्हणून एका फेरीतला चढ-उतार पाहून हिंसा वाढली किंवा घटली असा निष्कर्ष मी काढत नाही. सर्वेक्षणातला आकडा ही किमान मर्यादा समजावी: एवढ्या जणी तरी एका अनोळखी बाईसमोर "हो" म्हणाल्या.

या मर्यादेच्या बाहेर कोण राहते याचाही विचार करा. पन्नाशीपुढच्या स्त्रिया त्यात मोजल्याच जात नाहीत, आणि आमच्याकडे मुलाने घराबाहेर काढलेल्या, सुनेसमोर मार खाल्लेल्या आया येत असतात. ती कुठे आहे हे सतत विचारत राहणे, माहेरशी संबंध तोडायला लावणे, पैशांबाबत विश्वास न ठेवणे याविषयी सर्वेक्षणात प्रश्न आहेत, पण वर दिलेल्या २९ टक्क्यांत ते धरलेले नाहीत. म्हणजे आपल्या बहिणीने जर चापटीबद्दल "नाही" असे उत्तर दिले असते, तर तिचे बाकीचे सगळे आयुष्य तसेच असूनही ती "हिंसा न अनुभवलेल्या" स्त्रियांत मोजली गेली असती.

आणखी दोन आकडे मला फार बोलके वाटतात. नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनाच डोळ्यांना दिसेल अशी किंवा उपचार लागतील अशी इजा झालेली असते. म्हणजे चौघींपैकी तिघींच्या अंगावर शेजाऱ्याला किंवा भावाला दिसेल असे काही नसते. दुसरे असे की हिंसा अनुभवलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली, आणि सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलेही नाही. ज्या मदत मागतात त्याही बहुतेक करून माहेरच्यांकडेच जातात. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचणाऱ्या अगदी मोजक्या.

पोलिसांकडची नोंद या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात स्त्रियांविरुद्धच्या ४,४५,२५६ गुन्ह्यांची नोंद झाली आणि त्यांतले ३१.४ टक्के नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे होते. स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत हा सर्वांत मोठा गट आहे. तरीही वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ही संख्या आणि कोट्यवधी विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्के ही संख्या शेजारी ठेवून पाहा. पहिली एका वर्षाची आहे आणि दुसरी आयुष्यभराची, म्हणून थेट भागाकार करणे बरोबर नाही. पण तक्रार हा नियम नसून अपवाद आहे एवढे त्यातून नक्की दिसते. तक्रारींचा गैरवापर होतो का, असेही आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. होतो, आणि मी तो पाहिला आहे. त्यासाठी २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेवर बंधनेही घातली आहेत. बायकोचा मार किंवा अपमान सोसणारे पुरुषही मला भेटले आहेत आणि त्यांचे ऐकून घेतलेच पाहिजे. पण यांतल्या कशानेही, न सांगणाऱ्या त्या ७७ टक्के स्त्रियांचे वास्तव पुसले जात नाही.

नवरा दारू पीत नाही आणि शिकलेला आहे, हे आपण दोनदा लिहिले आहे, म्हणून त्याविषयीही लिहिते. दारूचा संबंध खरा आहे: नवरा वारंवार दारू पिऊन येतो अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी हिंसा अनुभवल्याचे सर्वेक्षण सांगते. पण ज्यांचे नवरे अजिबात पीत नाहीत अशा स्त्रियांतही हे प्रमाण २३ टक्के आहे. दारूने धरबंध सुटतो. मात्र तोच माणूस पिऊन साहेबावर हात उचलत नाही, घरी येऊन बायकोवर उचलतो, याचे कारण दारूत सापडत नाही. आपला तिच्यावर अधिकार आहे आणि त्याबद्दल आपल्याला कोणी जाब विचारणार नाही, या खात्रीत ते असते. शिक्षण आणि पैसा वाढतो तसे मारहाणीचे प्रमाण घटते, पण ते कुठेही शून्याच्या जवळ जात नाही, आणि सुस्थितीतल्या घरांत पैसा, फोन व मुले यांच्या मार्फत चालणारे नियंत्रण मी जास्त पाहिले आहे. अशा घरांत सासूबाई चारचौघांत सुनेचे कौतुकही करतात, त्यामुळे माहेरच्यांना काही कळण्याचा मार्गच उरत नाही.

बहिणीच्या "सगळ्यांच्या घरी असंच असतं" या वाक्याने आपण नाराज झालात, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. कृपा करून तिच्यावर रागावू नका. याच सर्वेक्षणात, नवऱ्याने बायकोला मारणे काही कारणांसाठी योग्य आहे का, असे विचारल्यावर ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी "हो" म्हटले; स्त्रियांनी सर्वाधिक वेळा मान्य केलेले कारण होते सासू-सासऱ्यांचा अनादर. ती हे माहेरीच ऐकत मोठी झाली असण्याची शक्यता आहे. शिवाय "असंच असतं" म्हटल्यावर तिला आज काही ठरवावे लागत नाही. मुलगी चार वर्षांची आहे, पगाराचे कार्ड हातात नाही, माहेरी परतल्यावर आई-वडील काय म्हणतील याची खात्री नाही. अशा वेळी न ठरवणे हा तिच्या दृष्टीने विचारपूर्वक निवडलेला मार्ग असू शकतो.

तेव्हा इथवरचे म्हणणे असे की, हा हिंसाचार आहे. तो अपवादात्मक नाही. आणि तो बहुतेक वेळा लपलेला राहतो, कारण विचारणाऱ्याने चुकीच्या जागी, चुकीच्या माणसांदेखत, चुकीच्या शब्दांत विचारलेले असते.

आता आपण काय करावे? घरातली वडीलधारी मंडळी अशा वेळी "दोन्हीकडच्यांना बसवून बोलू" असे सुचवतात. ही बैठक आधी घेऊ नका. सासरच्यांसमोर, नवऱ्याच्या शेजारी बसून ती "मला काही त्रास नाही" असेच म्हणेल, आणि माहेरच्यांनी विषय काढला याची किंमत पाहुणे गेल्यावर तिला मोजावी लागेल. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला; पुढे ही व्यवस्था राज्यभर पसरली. या कामातली पहिली शिस्त अशी की आधी स्त्रीचे एकटीचे ऐकायचे, आणि नवऱ्याला बोलवायचे की नाही, केव्हा बोलवायचे, हे तिने ठरवायचे. पोलीस चौकीत नवऱ्याकडून "पुन्हा असे करणार नाही" असे लिहून घेण्याची पद्धतही आपल्याकडे रूढ आहे. त्या कागदाचा पुढे पुरावा म्हणून थोडा उपयोग होतो, पण संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नये. आणि आपण स्वतः जाऊन मेहुण्यांना दम देण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका.

तिचा फोन तपासला जातो हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळही लिहू नका. पुसलेला संदेशसुद्धा संशयाला पुरतो. बोलताना आधी तिच्या नवऱ्याला नावे ठेवू नका, कारण मग ती त्याची बाजू घेऊ लागेल आणि संभाषण तिथेच संपेल. "तुझा छळ होतो का?" ऐवजी "तुझं कार्ड तुझ्याकडे का नसतं?", "भाऊबिजेला येते म्हटल्यावर घरी काय झालं?", "त्याने हात उचलला तेव्हा मुलगी कुठे होती?" असे साधे, नेमके प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका. ती परत जायचे ठरवो किंवा राहायचे ठरवो, आपण तिच्यासोबत आहात हे तिला कळले पाहिजे. "पुन्हा त्या घरात गेलीस तर आमच्याकडे येऊ नकोस" असे म्हणणारी माहेरे मी पाहिली आहेत. त्यांच्या मुली पुढच्या वेळी खरोखरच कोणाकडे जात नाहीत. "तुला कधीही यावंसं वाटलं तर ये" हे वाक्यही पुरेसे नाही. खोली कोणती, मुलीच्या शाळेचे काय, सुरुवातीचे महिने खर्च कोण करील, हे आधी आई-वडिलांशी बोलून ठरवा आणि मग तिला सांगा. त्यांनी "नांदायलाच हवं" असा धोशा लावला असेल, तर त्यांच्याशी बोलणे हेच आपले पहिले काम आहे.

निर्णय तिचा, हे तत्त्व मी सहसा मोडत नाही. पण काही खुणा दिसल्या तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. गळा दाबण्याचा प्रयत्न एकदाही झाला असेल, शस्त्र किंवा रॉकेल-गॅसची धमकी दिली असेल, गरोदरपणात मारहाण झाली असेल, प्रसंगांमधले अंतर कमी होत चालले असेल, हुंड्याची किंवा माहेरून पैसे आणण्याची मागणी जोर धरत असेल, अथवा ती स्वतः जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, तर ती परिस्थिती तातडीची समजा. ती घर सोडायचे ठरवते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून निघण्याचा बेत नवऱ्याला आधी कळू देऊ नये. अशा वेळी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आणि जिल्ह्याचे सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र) उपयोगी पडते.

कायद्याच्या वाटेबद्दल आपल्याला नेमकी माहिती असावी, कारण सासरी वेगळेच सांगितले जाते. हिंसाचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, देऊ शकतो. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. क्रूरतेचा गुन्हा, जो १९८३ पासून ४९८-अ म्हणून ओळखला जात होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे, आणि त्याची फिर्याद रक्ताच्या नात्यातली व्यक्ती, म्हणजे आपणही, देऊ शकता. तरीही वरच्या खुणा नसतील तर तिच्या संमतीशिवाय हे पाऊल उचलू नका. चौकीत गेल्यावर केवळ चापटीची तक्रार बहुधा अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशी, म्हणून नोंदवली जाते. ती निरुपयोगी नाही, तारखेसह नोंद होते. पण तेवढ्याने तिला संरक्षण मिळाले असे समजू नये.

तिला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसेल, आणि बहुतेक जणींना नसते, तर २००५ चा कायदा तिच्या उपयोगाचा आहे. त्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मारहाण व संपर्क थांबवण्याचा आदेश, त्याच घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलीचा ताबा आणि भरपाई मागता येते. तातडी असेल तर अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेशही मिळतो. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काही हक्क नाही" असे तिला ऐकवले जात असेल, तर ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सामाईक घर हे नवऱ्याच्याच मालकीचे असावे लागत नाही. ती तिथे संसार करून राहत असेल तर सासऱ्यांच्या घरातही तिला राहण्याचा हक्क मागता येतो. हा मालकीहक्क नव्हे, आणि सासू-सासऱ्यांचे वय व गरजाही न्यायालय पाहते. अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात मी पाहिलेली बहुतेक प्रकरणे त्याहून कितीतरी लांबली, म्हणून अंतरिम आदेशासाठी पहिल्याच तारखेला आग्रह धरावा लागतो. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नये. उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पुरावा म्हणजे चित्रफीतच असते असे नाही. मार लागला तर सरकारी दवाखान्यात जावे आणि "जिन्यावरून पडले" असे न सांगता कोणी, कशाने मारले हे सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या "दिलासा" केंद्राची कल्पना याच अनुभवातून आली, की पोलिसांकडे न जाणारी बाई दवाखान्यात मात्र येते. तारखा व प्रसंगांची टिपणे तिने घरी ठेवू नयेत, आपल्याकडे द्यावीत. आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, तिच्या पदव्या, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती आपण सांभाळा. पगार जमा होतो त्या खात्याचा मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हेही विचारा; तो नवऱ्याचा असेल तर कार्ड परत मिळाले तरी फारसा फरक पडत नाही, आणि नवे खाते उघडून पगार तिकडे वळवायचा का, आणि त्याने घरी काय होईल, हे तिनेच तोलून पाहायचे आहे.

भेटीची जागा मी सुचवते. सासरच्या घरी नको, फोनवर नको, आणि सण-समारंभातही नको. तिची शाळा हीच सध्या सासरच्या नजरेबाहेरची जागा आहे, तेव्हा मधल्या सुट्टीत किंवा पालकसभेच्या दिवशी तिथेच भेटा. एखाद्या विश्वासू सहकारी शिक्षिकेच्या फोनवरून वेळ ठरवता आली तर उत्तम. पहिल्या भेटीत कायदा, केस, घटस्फोट यांतला एकही शब्द काढू नका. ती जेवढे सांगेल तेवढे ऐका, एखाद्या समुपदेशक बाईंशी तिचे नाव न सांगताही बोलता येते एवढे तिला सांगून ठेवा, आणि पुढची भेट कधी व कुठे हे ठरवूनच तिथून निघा.